नकार देऊ शकणारा माणूसच मध्ये उरला नाही तर? (युद्ध, यंत्रं आणि सदसद्विवेक)

पाणवठा

एप्रिल १९३०. पेशावरचा किस्सा ख्वानी बाजार. खान अब्दुल गफार खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पकडलं म्हणून निःशस्त्र पठाणांची गर्दी जमलेली. रॉयल गढवाल रायफल्सच्या जवानांना गोळीबाराचा हुकूम मिळाला आणि हवालदार चंद्रसिंग गढवाली यांच्या माणसांनी तो मानला नाही. इतर फौजेने बाजारात गोळ्या झाडल्याच, माणसं मेलीच. पण गढवाल्यांनी आपले हात त्यात घातले नाहीत. कोर्ट मार्शल झालं. चंद्रसिंगांना जन्मठेप लागली, १९४१ पर्यंत ते तुरुंगात होते.

ही माणसं शांततावादी नव्हती. चंद्रसिंग स्वतः पहिल्या महायुद्धात लढून आलेले. बंदूक चालवायला त्यांची ना नव्हती. या माणसांवर, या कारणासाठी चालवणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

गेले काही महिने युद्धातल्या नव्या यंत्रांबद्दल वाचतेय आणि हा प्रसंग डोक्यातून जात नाही. हुकूम देणारा आणि मरणारा यांच्यामध्ये तेव्हा हाडामासाची माणसं उभी होती. शिक्षा भोगायची तयारी असेल तर त्यांतल्या कोणालाही थांबता येत होतं. आता मधली ही माणसं एकेक करून काढली जातायत.

अमेरिकेतला क्रीच हवाई तळ घ्या. लास वेगासपासून गाडीने तासाभरावर. तिथल्या बंद खोलीत दोघं शेजारी बसतात, पायलट आणि सेन्सर ऑपरेटर. अफगाण युद्धाच्या काळात त्यांचं ड्रोन, म्हणजे आत माणूस नसलेलं विमान, अफगाणिस्तानावर फिरत असायचं. क्षेपणास्त्र सुटल्यापासून लागेपर्यंत लेसरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवायचा, हे सेन्सर ऑपरेटरचं काम. पाळी संपली की दोघं घरी जातात. ब्रँडन ब्रायंट नावाचा असा एक ऑपरेटर २०११ मध्ये बाहेर पडला आणि पुढे जाहीरपणे बोलू लागला. निरोपाच्या वेळी त्याला एक कागद मिळाला होता. त्याच्या तुकडीच्या मोहिमांमध्ये मेलेल्यांचा आकडा त्यावर होता, १,६२६.

डॅनियल हेल हा अमेरिकी गुप्तवार्ता विश्लेषक तर त्याच्याही एक पायरी मागे होता. अफगाणिस्तानातल्या बगराम तळावर मोबाइलच्या सिग्नलवरून माणसाचा ठावठिकाणा लावायचा. न्यायाधीशांना हाताने लिहिलेल्या पत्रात त्याने अफगाणिस्तानात पोचल्यावर काही दिवसांतच पाहिलेला हल्ला सांगितलाय. पाक्तिका प्रांतातले डोंगर, उजाडायच्या आधीची वेळ, शेकोटीभोवती चहा उकळत बसलेले पुरुष. जवळ शस्त्रं होती, पण तो म्हणतो, त्या मुलखात त्यात विशेष काय? पडद्यावर बघता बघता ते सगळे संपले. पुढे त्याने ड्रोन मोहिमांची गुप्त कागदपत्रं पत्रकाराकडे दिली. ईशान्य अफगाणिस्तानातल्या एका मोहिमेत, पाच महिन्यांच्या एका टप्प्यात, मेलेल्यांपैकी जवळपास ९०% माणसं मुळात लक्ष्य नव्हतीच, हे त्यातून बाहेर आलं. जुलै २०२१ मध्ये हेलला ४५ महिन्यांची शिक्षा झाली.

कायदा कुठे आहे बघा. ब्रिटनने १९१६ मध्ये सक्तीची भरती आणली तेव्हा सदसद्विवेकाच्या कारणाने नकार देण्याची तरतूद ठेवली. सुमारे १६,००० जणांनी ती वाट धरली. न्यायमंडळासमोर उभं करून विचारायचे, जर्मन शिपाई तुझ्या बहिणीवर चालून आला तर काय करशील? जर्मनीने १९४९ च्या राज्यघटनेतच लिहून टाकलं की कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध हत्यार घेऊन युद्धसेवा करायला लावता येणार नाही. दक्षिण कोरियात अनेक दशकं हजारो तरुण, बहुतेक सगळे शस्त्र न उचलणाऱ्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे, तुरुंगात गेले. २०१८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने पर्यायी सेवेची सोय नसणं घटनाबाह्य ठरवलं आणि आता ती आहे, तुरुंगात राहून करायची, ३६ महिन्यांची.

हे सगळं हवंच होतं. पण या प्रत्येक कायद्याच्या डोळ्यांसमोर हातात बंदूक दिलेला जवान आहे. शिवाय नकार द्यायचा तर सगळ्याच युद्धांना द्या, अशी अट. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की एखाद्या विशिष्ट युद्धाला विरोध असलेल्याला हे संरक्षण नाही. म्हणजे चंद्रसिंग त्यात बसले नसते. हेलचं काम त्यात बसत नाही. आणि पडद्यावरच्या कोणत्या आकृतीला शत्रू म्हणायचं हे यंत्राला शिकवणारा इंजिनिअर तर त्या कायद्याच्या गावीही नाही.

उद्या ड्रोनचा थवा स्वतःच लक्ष्य निवडू लागला, तर बाजारात उभ्या असलेल्या गढवाल्यांची जागा कोण घेणार? मला वाटतं, नकाराचा हक्क आता मागे सरकवायला हवा: विश्लेषकापर्यंत, प्रोग्रामरपर्यंत, चित्रांवर खुणा करणाऱ्यापर्यंत. तुम्हाला काय वाटतं?

अपशिंगेकर

ताई, लेख मनापासून लिहिलाय. पण मी तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, म्हणून काही गोष्टी सांगतो.

न बघता मारणं ड्रोनने आणलेलं नाही. तोफखाना पहिल्या महायुद्धापासून तेच करतोय. १९९९ ला द्रासमध्ये आमच्या बोफोर्स तोफा डोंगराच्या पलीकडे आग ओकत होत्या. तोफेवरच्या जवानाला दिसतो तो समोरचा उतार आणि कानात येतात ते आकडे. गोळा कुठे पडला, कोणावर पडला, हे त्याला कधीच कळत नाही. त्या मानाने ड्रोनवाल्याला जास्त दिसतं, तो तासन्‌तास बघत असतो. ब्रायंटला त्रास झाला तो लांब असल्यामुळे नव्हे, नको इतकं जवळून दिसल्यामुळे.

दुसरं, यंत्राला राग येत नाही. शेजारचा साथीदार पडला की माणूस काय करू शकतो ते मी पाहिलंय. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

तिसरं, हुकूम न मानण्याची जागा आमच्या कायद्यातही आहे. आर्मी अॅक्ट १९५० चं कलम ४१ वाचा. शिक्षा आहे ती 'कायदेशीर' हुकूम मोडल्याबद्दल. बेकायदा हुकूम पाळायचा नाही हे प्रशिक्षणात शिकवतात. पण ऐन लढाईत एकाने माघार घेतली तर त्याच्या वाटची गोळी शेजारचा खातो. नकाराबद्दल बोलताना तो शेजारचा विसरू नका.

रानजाई

वाचतेय. भारतात याबद्दल कायदा काय म्हणतो? आपल्याकडे सक्तीची भरती नाही म्हणून प्रश्नच येत नाही का?

पाणवठा

रानजाई, बरोबर, आपल्याकडे सक्ती नाही. पण घटनेत तिला जागा ठेवलेली आहे. कलम २३(२) प्रमाणे राज्यसंस्था सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादू शकते, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग बघून भेदभाव करता येणार नाही. ५१क मध्ये गरज पडल्यास राष्ट्रीय सेवा बजावणं हे मूलभूत कर्तव्यच आहे. सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य कलम २५ मध्ये आहे. केरळातल्या यहोवाचे साक्षीदार पंथाच्या मुलांनी राष्ट्रगीत म्हटलं नाही, नुसती आदराने उभी राहिली, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. पण कलम ३३ मुळे सैन्यदलांपुरते मूलभूत हक्क संसद आवळू शकते. स्वखुशीने भरती झालेल्याचं मन पुढे बदललं तर त्यासाठी वेगळी वाट आपल्या कायद्यात नाही.

अपशिंगेकर काका, तोफखान्याचा मुद्दा मी डोक्यात ठेवणार आहे. पण तुमच्याकडे पुढे बसलेला निरीक्षक अधिकारी असायचा ना? त्याला गाव दिसलं, बायका-मुलं दिसली, तर वायरलेसवर 'थांबा' म्हणणारा तो होता. मला काळजी त्याची आहे. तो यंत्र झाला तर 'थांबा' कोण म्हणणार?

अपशिंगेकर

हो, असायचा. आणि आमच्या निरीक्षकाने तसं थांबवलेलं मला माहीत आहे. हा मुद्दा मान्य.

माणगाव_२०

चर्चा चांगली चाललीय, पण एक बाजू इथे कोणी मांडत नाही म्हणून लिहितो.

शस्त्र नाकारणं ही मोठी नैतिक गोष्ट असेल, पण ज्यांच्या हातात ते येऊच दिलं नाही त्यांनी काय नाकारायचं? १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचं शास्त्र त्यामागे होतं. कोकणात गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त सैनिक, अर्ज करत राहिले की आम्हाला परत घ्या. सैन्यातली नोकरी म्हणजे पगार, मुलांना शाळा आणि गावकीच्या कामातून सुटका. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, त्या घरात शिक्षण कुठून आलं ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. परत १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यासाठी बाबासाहेबांनी किती जोर लावला होता.

तेव्हा अहिंसेच्या नावाने भरतीवर बहिष्कार घाला म्हणणारे आणि भरतीचा हक्क मागणारे एकाच प्रांतात होते. आमच्या आजोबांच्या पिढीला दुसरी बाजू जवळची वाटली, त्यात मला कमीपणा वाटत नाही. फॅसिझमशी लढायला माणसं लागणारच होती. आज युक्रेनच्या माणसाला कोणी शांततावाद शिकवायला गेलं तर तो काय म्हणेल, याचा विचार करा.

धामतीर

माणगाव_२०, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्याच दिवसांतली दुसरी बाजूही आमच्या वर्धा जिल्ह्यातलीच आहे, ती नोंदवतो.

१७ ऑक्टोबर १९४०, पवनार. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांना निवडलं. तोवर देशभरात विनोबांचं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. करायचं काय, तर उभं राहून युद्धाविरुद्ध बोलायचं: या युद्धाला माणूस किंवा पैसा देणं चूक आहे, युद्धाचा प्रतिकार अहिंसेनेच करायचा. बस. गर्दी जमवायची नाही, सरकारची अडवणूक करायची नाही. थोड्याच दिवसांत अटक आणि तीन महिन्यांची शिक्षा. दुसरे नेहरू. १९४१ च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून जास्त लोक अशा रीतीने तुरुंगात गेले.

मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांतले बहुतेक जण सैनिक नव्हते. त्यांच्या हातात कोणी बंदूक देणार नव्हतं. तरी त्यांनी मानलं की माझा पैसा, माझे श्रम युद्धात जाणार असतील तर नाही म्हणणं माझंही काम आहे. पाणवठाताई ज्या मागे सरकवण्याबद्दल बोलतायत, ते पवनारला करून झालंय.

(गांधीजींनी १९१८ मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट केली होती हेही खरं. कोणी काढायच्या आधी मीच काढतो. त्यांचा प्रवास सरळ रेषेत नव्हता.)

करडी_छटा

नेहमी नुसता वाचतो, आज लिहितोय. मी तुमच्या त्या 'मागे सरकवलेल्या' जागेवर बसलेला माणूस आहे.

एका खासगी कंपनीत कॉम्प्युटर व्हिजनवर, म्हणजे संगणकाला चित्रं ओळखायला शिकवण्यावर, काम करतो. ड्रोनच्या थर्मल कॅमेऱ्यातून आलेली चित्रं, करड्या पार्श्वभूमीवर गरम ते पांढरं. त्यावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीला नाव द्यायचं: माणूस, जनावर, वाहन. वर्षभर हेच चाललं आणि मला काही वाटलं नाही, कारण सीमेवर घुसखोर पकडायला, पुरात अडकलेले शोधायला, दोन्हीकडे तेच मॉडेल चालतं.

मग यादीत चौथं नाव आलं, 'शस्त्रधारी माणूस'. वरून, रात्री, त्या कॅमेऱ्यातून दिसतं काय, तर एक पांढरा ठिपका आणि त्याच्यातून बाहेर आलेली एक बारीक रेघ. ती रायफल असते, फावडं असतं, खांद्यावर आडवी टाकून दोन्ही हात तिच्यावर लटकवलेली गुराख्याची काठी असते. मी पाथर्डीकडचा आहे, ती काठी मला ओळखू येते, कारण माझे चुलते तशीच धरतात. मॉडेलला येत नाही. ते सांगतं, शस्त्रधारी, खात्री ०.६२. मी मीटिंगमध्ये विचारलं, कितीच्या वर गेलं की पुढची कारवाई? उत्तर मिळालं, ते ग्राहक ठरवेल, आपण फक्त आकडा द्यायचा.

चौकटी आखायचं काम बाहेरच्या एका केंद्राकडे दिलेलं होतं. तिथल्या मुलींना हे कशासाठी आहे ते सांगितलेलंही नव्हतं. त्या आखतात, मी मॉडेल शिकवतो, दुसरी टीम ते बसवते, ग्राहक आकडा ठरवतो, शेवटी कोणीतरी बटण दाबतो किंवा दाबतही नाही. चुकून गुराखी मेला तर प्रत्येकाकडे सांगायला कारण आहे, आणि प्रत्येकाचं कारण खरं आहे.

मी शांततावादी नाही. माझा मावसभाऊ सैन्यात आहे, त्याच्या डोक्यावर आपलं ड्रोन असावं असंच मला वाटतं. पण ही चौथी चौकट मला करायची नव्हती. मी तसं सांगितलं. दुसऱ्या प्रकल्पावर घ्या म्हणालो, भूसुरुंग शोधण्याचं काम होतं. अजून उत्तर नाही. पगारवाढीच्या बोलण्यात मात्र 'टीममध्ये मिसळण्याबद्दल' एक वाक्य आलं. राजीनामा देऊ शकतो, पण घरचा हप्ता आहे.

हडसनकाठ

करडी_छटा, तुझ्यासारखे आधी होऊन गेलेत, आणि त्यांतले काही फार मोठे होते.

जोसेफ रोटब्लाट अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात होते. हिटलर आपल्या आधी बॉम्ब करेल या भीतीने आलेले. १९४४ संपता संपता कळलं की जर्मनांचा बॉम्ब होत नाही, तेव्हा ते प्रकल्प सोडून निघून गेले. सदसद्विवेकाच्या कारणाने हिरोशिमाच्या आधी बाहेर पडलेला शास्त्रज्ञ म्हणून त्यांचंच नाव घेतात. पुढे आयुष्यभर अण्वस्त्रांविरुद्ध काम केलं, १९९५ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि अण्वस्त्रविरोधी शास्त्रज्ञांच्या पगवॉश परिषदेला मिळून मिळालं. सायबरनेटिक्सचे (यंत्रं आणि सजीवांमधल्या नियंत्रणाच्या शास्त्राचे) जनक नॉर्बर्ट वीनर यांच्याकडे एका विमान कंपनीतल्या संशोधकाने क्षेपणास्त्रांच्या कामासाठी त्यांचा युद्धकाळातला अहवाल मागितला, त्यांनी नकाराचं पत्र १९४७ च्या जानेवारीत मासिकात छापूनच टाकलं.

आणि २०१८. ड्रोनच्या चित्रफितींतून वस्तू ओळखायचा पेंटागॉनचा 'प्रोजेक्ट मेव्हन', म्हणजे तू करतोस तेच. गुगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी पत्रावर सह्या केल्या की आपल्या कंपनीने युद्धाच्या धंद्यात पडू नये, काहींनी नोकरी सोडली. कंपनीने करार पुढे वाढवला नाही आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणार नाही असं जाहीर तत्त्व लिहिलं. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वाक्य तत्त्वांमधून काढलं गेलं. कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नकार सात वर्षंही टिकला नाही, म्हणून कायदा हवा.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी घरांसाठीही थोडं लिहिते. नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४०० मध्ये, तीन प्रश्न असतात: कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलाल का? सैन्यात बिनशस्त्र सेवा कराल का? मुलकी अधिकाऱ्यांच्या हाताखाली राष्ट्रीय महत्त्वाचं काम कराल का? आपले लोक डोळे मिटून तिन्हींना 'हो' करतात. ज्यांना पहिलं मनापासून मान्य नाही, त्यांना शपथेतला तो भाग वगळून मागता येतो. अमुक पंथाचे सभासद असायची गरज नाही, खोल रुजलेली नैतिक धारणाही चालते, पण ती लेखी मांडावी लागते आणि मुलाखतीत विचारतात. ओळखीतल्या एका जैन बाईंनी ते केलं. त्यांना कोणी त्रास दिला नाही, अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. १९२९ मध्ये रोझिका श्विमर या पन्नाशीच्या बाईंना, ज्यांना कोणी सैन्यात घेतलंच नसतं, याच प्रश्नावरून नागरिकत्व नाकारलं होतं. ते बदलायला १९४६ उजाडलं.

मुलगा अठराचा झाला की सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (सक्तीची भरती लागलीच तर त्यासाठीच्या यादीत) नोंदणी असते, ग्रीन कार्डवाल्यांच्या मुलांनाही. १९७३ नंतर सक्तीची भरती झालेली नाही. पण तिथे नकाराचा रकाना नसतो, प्रत्यक्ष बोलावणं आलं तरच तो दावा करता येतो. आणि त्या वेळी विचारतात, ही धारणा कधीपासूनची? म्हणून ज्या मुलांना असं वाटतं त्यांनी आधीच लिहून, तारखेसह जपून ठेवावं.

तांजोंग_पगार

सिंगापूरहून. आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. आम्ही पी.आर., म्हणजे कायमचे रहिवासी, आहोत, म्हणून मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, पुढे वर्षानुवर्षं राखीव दलाची बोलावणी. सदसद्विवेकाच्या नकाराला इथल्या कायद्यात जागा नाही. यहोवाच्या साक्षीदारांची मुलं लष्करी कोठडीत जातात, सुटतात, परत गणवेश नाकारतात, परत जातात.

मुलगा म्हणतो, सिव्हिल डिफेन्समध्ये टाकलं तर आनंदाने करीन, आग विझवीन, अॅम्ब्युलन्सवर जाईन. पण सैन्य, पोलीस की सिव्हिल डिफेन्स, हे आपल्याला निवडता येत नाही. घरात रोज हीच चर्चा. त्याचे बाबा म्हणतात, ज्या देशाने उभं केलं त्याचं देणं आहे. मला दोघांचंही पटतं, आणि रात्री झोप लागत नाही.

रेवदंडा

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्यात राहतो. आमची अर्धी नाती इस्राएलमध्ये, अश्दोद आणि दिमोनाला. तिथे अठराव्या वर्षी मुलगे आणि मुली दोघंही सैन्यात. माझ्या आत्याचा नातू गेला, आणि त्याच्याच वर्गातला एक मुलगा नाही म्हणाला. तो तुरुंगात गेला, आणि त्याच्या आईला सोसायटीत लोक बोलेनासे झाले.

तिथेही पूर्ण शांततावादी असाल तर समितीपुढे जाऊन सुटका मिळू शकते, पण 'व्याप्त प्रदेशात सेवा करणार नाही' म्हणणाऱ्याला नाही. ताईंनी चंद्रसिंगांबद्दल लिहिलंय तोच पेच. तरी २००३ मध्ये २७ वैमानिकांनी वस्तीत बॉम्ब टाकायच्या मोहिमांना नकार दिला. २०१४ मध्ये ८२०० या गुप्तवार्ता विभागातल्या ४३ जणांनी पत्र लिहिलं की पॅलेस्टिनी लोकांवर पाळत ठेवायचं काम करणार नाही. हे दुसरं पत्र धाग्याच्या विषयाला लागू आहे, कारण ती हेडफोन लावून बसणारी माणसं होती. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या पत्रकारांनी 'लॅव्हेंडर' नावाच्या प्रणालीबद्दल लिहिलं: गाझातल्या ३७,००० जणांवर संशयित म्हणून खूण, आणि एकेका नावावर अधिकाऱ्याची नजर वीसेक सेकंद. लष्कराने ते वर्णन नाकारलं.

माझ्या लोकांची घरंही रॉकेटच्या टप्प्यात आहेत. मी कोणालाही इथून उपदेश करू शकत नाही. पण वीस सेकंदांत नकार देता येतो का, हा प्रश्न मला पडतो.

रानजाई

बाप रे. संयुक्त राष्ट्रांत याबद्दल काही चाललंय ना? भारत कुठे आहे?

पाणवठा

रानजाई, स्वयंचलित शस्त्रांवर जिनिव्हात अनेक वर्षं बोलणी चालू आहेत. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या गटाची पहिली बैठक झाली तेव्हा अध्यक्ष भारताचेच राजदूत अमनदीप सिंग गिल होते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये महासभेत ठराव आला, १५२ देश बाजूने, चार विरोधात. त्या चारांत रशिया आणि भारत. भारताचं म्हणणं, हा विषय जिनिव्हातच राहू द्या. मला ते पटत नाही. नागपुरात घिरट्या घालून झडप घालणारं 'नागास्त्र' बनतं आणि सैन्याच्या हाती गेलंय. त्यात शेवटचा निर्णय माणसाचा असतो आणि लक्ष्य सापडलं नाही तर ते परत बोलावून पॅराशूटने उतरवता येतं. हे चांगलंच आहे. मग जे आपण आत्ता करतो तेच बंधन म्हणून लिहून घ्यायला हरकत कसली?

रेवदंडा, तुमचा वीस सेकंदांचा प्रश्न माझ्याकडे उत्तर नसलेला आहे. म्हणूनच मला वाटतं की नकाराची जागा त्या वीस सेकंदांच्या आधी हवी, जिथे माणसाला विचार करायला महिने मिळतात. माणगाव_२०, तुमच्या मुद्द्याने माझं म्हणणं बदललं नाही, पण आता मी 'सगळ्यांनी नकार द्या' असं कधीच म्हणणार नाही. लढायला जाणाऱ्याचा हक्क आणि थांबणाऱ्याचा हक्क, दोन्ही एकाच कायद्यात असावेत.

माणगाव_२०

एवढं असेल तर माझी हरकत नाही. फक्त तो हक्क इंजिनिअरपाशी थांबू नये. चौकटी आखणाऱ्या त्या मुलींनाही मिळावा. त्यांना आधी काम कशाचं आहे ते सांगावं लागेल.

करडी_छटा

सगळ्यांचे आभार. एक मदत हवी. मी कंपनीला लेखी द्यायचं ठरवलंय. राजीनामा नाही, मागणी. मसुदा कसा असावा?

पाणवठा

माझा प्रयत्न, वकील मंडळींनी तपासावा:

'माणसाला लक्ष्य म्हणून ओळखणाऱ्या किंवा त्यासाठी माहिती तयार करणाऱ्या कामातून सदसद्विवेकाच्या कारणाने बाहेर राहण्याची विनंती कोणत्याही कर्मचाऱ्याला किंवा कंत्राटी कामगाराला लेखी करता येईल. कंपनी त्याला समकक्ष दुसरं काम देईल. त्यामुळे पगार, बढती किंवा मूल्यमापनावर परिणाम होणार नाही. कामाचा अंतिम वापर कशासाठी आहे हे काम सोपवतानाच सांगितलं जाईल.'

अपशिंगेकर

मसुदा ठीक आहे. एक ओळ घाल: 'ही विनंती प्रणाली सैन्याकडे सोपवण्याच्या आधी करावी लागेल, आणि विनंतीबरोबर आढळलेला दोषही लेखी नोंदवावा लागेल.' तू बाजूला झालास आणि काठी-रायफलचा घोळ तसाच पुढे गेला, तर सीमेवरचा माझा पोरगा त्या ०.६२ वर भरवसा ठेवेल. त्याला ते आधी कळायला हवं. आणि उत्तर आलं की इथे कळव.

करडी_छटा

काका, ओळ घातली. चुकीच्या ओळखल्या गेलेल्या चित्रांचे क्रमांक वेगळ्या तक्त्यात काढतोय, ते अंतर्गत नोंदीत जोडून सोमवारी देतो. चौकटी आखणाऱ्या केंद्राच्या प्रमुख बाईंशीही आज बोललो, त्यांनी मसुद्याची प्रत मागितलीय.